एकीच्या दोन

"दोन्ही डोळे उघडे ठेव गं. एक मिटलास की दुसरा लवकर दमतो."

मायक्रोस्कोपमध्ये पहिल्यांदा बघणाऱ्या प्रत्येकाला ताई हेच सांगायच्या. दहिवलीच्या रस्त्यावर आमची रक्त तपासायची लॅब होती. त्या तपासायच्या, मी रिपोर्ट टाइप करायचे. मी कॉमर्सची. पेशी म्हणजे काय हे मला त्यांनीच जेवणाच्या सुट्टीत दाखवलं. डब्यातल्या कांद्याचा पातळ पापुद्रा नखाने सोलला, काचेवर पसरला, वर आयोडीनचा थेंब सोडला. विटा रचाव्यात तशा खोल्या दिसल्या आणि खोलीखोलीत एक गडद ठिपका. "बाहेर भिंत, आत रस, आणि तो ठिपका म्हणजे केंद्रक. घरातला कारभारी." मला दिसलं याचा आनंद त्यांनाच जास्त झाला. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्याला आवडलेलं दुसऱ्याला दाखवल्याशिवाय त्यांना घास उतरत नाही.

ताई कळंबच्या. लग्न केलं नव्हतं. घरी आई, थोरला भाऊ, वहिनी आणि भावाची सात वर्षांची मुलगी. भाऊ भातशेती करून एका रिसॉर्टची बाग सांभाळायचा.

एकदा तो तापाने फणफणत लॅबमध्ये आला. "मलेरिया असंल, बघ गं." ताईंनीच रक्त काढलं, स्लाईड रंगवली, आणि बराच वेळ मान वर केली नाही. मग मला हळूच बोलावलं. "पांढऱ्या पेशी बघ. केंद्रक केवढं मोठं, भोवती रस नावालाच. कच्च्या आहेत या. इतक्यात रक्तात यायलाच नको होत्या."

"काय दिसलं गं?" भावाने बाहेरून विचारलं.

"डॉक्टर सांगतील, दादा."

रक्ताचा कॅन्सर निघाला. मुंबईत उपचार सुरू झाले. एका रविवारी मी कळंबला गेले, तेव्हा आई ओटीवर तांदूळ निवडत होती. पोराला नेमकं झालंय काय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ताईंनी सुपातल्या तांदळात बोटाने गोल काढला, त्यात आणखी एक छोटा.

"ही एक पेशी, आये. हिच्या केंद्रकात धागे असतात. पयले ते दुप्पट होतात. मग निम्मे या टोकाला, निम्मे त्या टोकाला. मधे कंबर बारीक होत जाते आणि एकीच्या दोन होतात. दोनाच्या चार."

आईचा चेहरा खुलला. "मंग चांगलंच की. वाढतंय म्हंजे पोरगा सुधारतोय."

"तसं नाय गं. गरज भागली की थांबायला पायजे. दादाच्या थांबत नायत. चांगल्या पेशींना जागाच ऱ्हायली नाय."

आईने सुपातला गोल हाताने मोडला. "तू शिकलेली हायस ना? मंग तूच थांबव."

सात महिन्यांनी भाऊ गेला.

ताई चौदाव्या दिवशी कामावर आल्या. काम पूर्वीसारखंच चोख. पण दर रविवारी त्या पुतणीचं बोट टोचून स्लाईड करायच्या आणि सोमवारी पेशंटच्या आधी तीच बघायच्या. "चांगली आहे," म्हणायच्या. पुढच्या सोमवारी पुन्हा नवी स्लाईड.

"ताई, तिला काही नाही. डॉक्टरही तेच म्हणाले."

"दादाची पहिली पेशी बिघडली, तेव्हा तोही शेतात हसतखेळत लावणी करत असेल. तेव्हा बघायला हवं होतं मी."

एका रविवारी मीही सोबत होते. आम्हाला बघताच पोरीने दोन्ही हात पाठीमागे लपवले. "आत्या, आज नको गं. दुखतं."

"एकच थेंब, बाय."

वहिनी बाहेर आली. तिने पोरीला उचलून कडेवर घेतलं. आवाज चढवला नाही. "वन्सं, माणूस गेला माझा. आता ही तरी माझ्याजवळ नीट ऱ्हाऊ दे."

त्याच आठवड्यात ती मुलीला घेऊन लोधिवलीला माहेरी गेली. तिकडच्याच शाळेत नाव घातलं. ताई दोनदा जाऊन आल्या. दोन्ही वेळा मुलगी घरात नाही असं सांगण्यात आलं. मग त्यांनी लॅब सोडली. फोन उचलेनात.

गेल्या महिन्यात मी कळंबला गेले. आई आत निजली होती. ताई पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी स्वतःचं बोट टोचलं होतं. थेंब काचेवर पसरला होता आणि ती काच उन्हाकडे धरून त्या बघत होत्या. घरात मायक्रोस्कोप नव्हता. मी शेजारी बसले. लाल डाग वाळून तपकिरी झाला. मग त्यांनी दुसरी काच घेतली.