मॅक्लीनचे रंगीत खांब आणि आमचं पांढरं पातळ

हे लिहायला मला माझ्या नातीने भाग पाडलं. "आजी, तू ब्लॉगवर फक्त पार्किंग आणि टॉयलेट लिहितेस. त्या बाईवर चिडलीस ते पण लिही," असं मैत्रेयीने दोनदा बजावलं. ती दहा वर्षांची आहे आणि तिचं म्हणणं बरोबर आहे.

शाळेच्या सुट्टीत मी, मैत्रेयी आणि माझा मुलगा सुजित सिडनीतल्या क्वेकर्स हिलहून मॅक्लीनला गेलो. सुनेला हॉस्पिटलच्या शिफ्ट होत्या. मॅक्लीन हे सिडनीच्या उत्तरेला क्लॅरेन्स नदीकाठचं लहान गाव, स्कॉटिश लोकांची जुनी वस्ती. रस्ता उत्तम आहे, पण साडेसहाशे किलोमीटर मुलांना एका दमात नेऊ नका. आम्ही कॉफ्स हार्बरला मुक्काम केला. मी दशम्या आणि लसणाची चटणी बांधून घेतली होती. "आई, वाटेत सगळं मिळतं गं," म्हणणाऱ्या सुजितनेच चार दशम्या संपवल्या.

दुसऱ्या दिवशी उसाच्या शेतांमधून मॅक्लीनला पोचलो. ऊस पाहून मला बरं वाटलं. गावात विजेच्या खांबांवर माणसाच्या उंचीपर्यंत रंगीत चौकड्या रंगवल्या आहेत. प्रत्येक स्कॉटिश घराण्याची चौकडी वेगळी, आणि खांबावर घराण्याचं नाव. मुलांना खांब शोधायला लावा, दोन तास निघतात. मैत्रेयीने वर्गातल्या दोन मुलांची आडनावं शोधून फोटो काढले. मग म्हणाली, "व्हेअर्स अवर्स?"

"आपला नसतो," मी म्हटलं.

"व्हाय नॉट?"

"चल पुढे."

पर्यटकांना माहिती देणारं एक दुकान होतं. चौकडीचा स्कर्ट घातलेली, माझ्याच वयाची एक बाई पुढे आली. माझ्या साडीकडे कौतुकाने पाहत तिने विचारलं, "अँड हूज युवर क्लॅन, डार्ल?" म्हणजे, तुझं घराणं कोणतं?

मी म्हटलं, "दॅट इज नो कन्सर्न ऑफ युअर्स," आणि बाहेर आले.

"अगं आई, ती सगळ्यांनाच विचारते!" सुजित मागून धावत आला.  मैत्रेयीने गाडीपर्यंत माझा हात धरला नाही.

नंतर टेकडीवरच्या लुकआउटला गेलो. नदी, बेटं, ऊस, सगळं एका नजरेत दिसतं. गाडी थेट वर जाते, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनीही जावं. वटवाघळांच्या झाडांखाली मात्र डबा उघडू नका. वास फार. खाली गावात उतरल्यावर मैत्रेयी एका कोऱ्या खांबापाशी थांबली. नाव नाही, रंग नाही. "धिस वन्स फ्री. डिब्स!" म्हणाली, म्हणजे हा आता तिचा, आणि खांबाला पाठ लावून उभी राहिली. सुजितने फोटो काढला.

तिसऱ्या दिवशी याम्बाला गेलो, वीस-पंचवीस मिनिटांवर. समुद्राला लागूनच पोहायचा तलाव आहे, लहान मुलांना लाटांची भीती नाही. कोळंबी ताजी मिळते. दुपारी नदीपलीकडच्या इलुकाला जाणारी बोट घेतली. वेळा आदल्या दिवशी पाहून ठेवा. बोटीत मैत्रेयीने पुन्हा विचारलं, "आजी, त्या लेडीने काय वाईट विचारलं?"

उत्तर चाळीस वर्षं पुढे ढकललं होतं. सुजितलाही कधी नीट सांगितलं नव्हतं. सांगितलं. कॉलेजच्या पहिल्या दिवशी सरांनी माझं आडनाव विचारलं. ते ऐकून जात ओळखली आणि मागच्या बाकाकडे बोट दाखवलं. आमच्याकडे आडनाव पुष्कळदा त्यासाठीच विचारत.

"डिड यू सिट देअर?"

"नाही. पहिल्या बाकावर बसले. तीन वर्षं."

"गुड ऑन यू, आजी." मग, "पण त्या लेडीला तसं नव्हतं विचारायचं ना?"

"नव्हतं."

सुजित पाण्याकडे बघत होता. "मला का नाही सांगितलंस?" एवढंच म्हणाला. 

परतीच्या सकाळी मी दुकानात गेले आणि माफी मागितली. आमची चौकडी नाही, आईने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा पांढरं पातळ नेसली होती, तेच आमचं, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, "हा स्कर्टही माझा नाही, नवऱ्याच्या घराण्याचा आहे. माझा आयरिश बाप पाहून हसला असता." दोघी हसलो. मैत्रेयीने कोऱ्या खांबाचं सांगितलं, तेव्हा तिने त्याचा पत्ताही विचारला.

मुलांना घेऊन जावं का? जरूर. तीन दिवस पुरतात. ईस्टरला बॅगपाइपवाल्यांचा मेळा असतो, तेव्हा खोली फार आधी ठरवा. आणि मुलं काय विचारतील याची तयारी ठेवा. मी ठेवली नव्हती.

घरी आल्यावर कपाटातली पेटी काढली. नोंद करून ठेवते.

दिलं: पांढरं सुती पातळ, एक, माझ्या आईचं, दीक्षेचं. पदराजवळ शाईचा डाग आहे, तो माझा, कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा. हाताने धुवायचं. डाग काढायचा नाही.

घेतलं: मैत्रेयीने, सुजितसमोर.

मिळालं: कोऱ्या खांबाचा एक फोटो. तो त्याच पेटीत ठेवला आहे.