नरसाळ्यातून ऐकलेला फोन

मोबाइलच्या लहरींपासून मानवजातीला वाचवण्याची जबाबदारी एकट्याने उचललेला, आणि त्यासाठी लागणारी सर्व उपकरणे स्वतःच्या हातांनी पत्र्यात घडवलेला दुसरा माणूस पोंभुर्ण्यातच काय, उभ्या चंद्रपूर-गडचिरोलीत झाला नसेल. मी तेव्हा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत होते आणि पुढच्याच वर्षी संशोधनासाठी बाहेर पडायचे, असे मनाशी पक्के ठरवून बसले होते. माझ्या भाड्याच्या खोलीसमोर या गृहस्थांचे दुकान होते. धान्याचे डबे, गाळण्या, रॉकेलची नरसाळी, पत्र्याच्या पेट्या असे सगळे ते कथलाच्या डागाने सांधून देत. गाव त्यांना डबेवाले चाचा म्हणे. मीही तेच म्हणू लागले. त्यांच्या डब्यातून पाण्याचा थेंब बाहेर येत नसे आणि मुंगी आत जात नसे, हा त्यांचा अभिमान होता आणि तो रास्तही होता.

गावात टॉवर उभा राहिला, त्याच आठवड्यात चाचांनी आपल्या खाटेचे उसे उत्तरेकडून दक्षिणेला वळवले. मग टोपीच्या आत पत्र्याची गोल चकती बसवली. चंद्रपूरच्या मे महिन्यात डोक्यावर पत्रा घेऊन वावरणाऱ्या माणसाला टॉवरपेक्षा सूर्याकडून अधिक धोका आहे, हे मी त्यांना सप्रमाण समजावले. घाम पुसत ते म्हणाले, "सूर्य दिसते तरी, बाई. हे दिसत नाई." गल्लीतल्या चिमण्या कमी झाल्या, शेजारच्या बकरीला चक्कर आली, त्यांचा स्वतःचा डावा गुडघा दुखू लागला, या सर्वांमागे टॉवर होता. हे सांगताना त्यांच्या ओठांत बिडी असे आणि समोरच्या शेगडीवरून तेजाबाचा धूर थेट नाकात जात असे. त्या धुराविषयी मात्र त्यांची काहीही तक्रार नव्हती.

अशा माणसाच्या घरात मोबाइल यावा, ही परिस्थितीची थट्टाच म्हणायची. त्यांची एकुलती मुलगी नसीम भामरागडला दिली होती. जावई तिथे शाळामास्तर. पावसाळ्यात तिकडचा रस्ता बंद होतो आणि पोंभुर्ण्यातला तारेचा फोन झाड पडले की मुका होतो, म्हणून जावयाने सासऱ्यांना मोबाइल आणून दिला. चाचांनी तो सांडशीने उचलला. बोलण्यासाठी त्यांनी खास लांब नळीचे नरसाळे घडवले. नरसाळ्याचे तोंड फोनवर आणि नळीचे टोक कानाशी, अशा रीतीने ते हातभर अंतर राखून ऐकत, आणि उत्तर देताना इतके ओरडत की फोनची गरजच काय, असा प्रश्न गल्लीला पडे. बोलणे संपले की कानावर थंड पाणी. "आयुष्यभर डबे बनवले," चाची चुलीपुढून म्हणत, "आता डोस्क्यालेबी झाकण लावलं यायनं."

आमचा वाद रोजचाच होता. या लहरींची ऊर्जा फार क्षीण असते, शरीरातले रेणू तोडणे तिच्या आवाक्यातले नाही, फार तर किंचित ऊब जाणवेल; अपाय सिद्ध झालेला नाही, दीर्घ मुदतीचे अभ्यास मात्र सुरू आहेत, असे मी काटेकोरपणे मांडले. चाचांनी त्यातला शेवटचा तुकडा तेवढा उचलला. "सुरू आहेत? म्हंजे तुमालेबी पक्कं मालूम नाई." लहरीची लांबी साधारण फूटभर असते, हे सांगून तर मी स्वतःच अडचणीत आले. त्यांनी हाताने फूट मोजला, मग आपला कान चाचपला आणि विचारले, "मंग एवढ्याशा भोकात घुसते कशी?" या प्रश्नाचे उत्तर वर्गात देणे सोपे होते, त्यांच्या दुकानात नव्हते.

त्या वर्षी नसीमचे दिवस भरत आले होते. पाणी चढण्याआधी तिला घेऊन निघायचे आणि निघताना सासऱ्यांना फोन करायचा, असे जावयाशी ठरले होते. नेमका त्याच सुमारास चाचांनी फोनसाठी डबा तयार केला. घट्ट झाकणाचा, प्रत्येक सांधा कथलाने भरलेला. माझ्या मते त्यांच्या कारागिरीचा तो सर्वोत्तम नमुना होता. फोन दिवसरात्र त्यात राहू लागला. बॅटरी लवकर उतरते हे पाहून ते खूश झाले. "पाहा, डब्यानं त्याची ताकत शोषून घेतली." वस्तुस्थिती उलट होती. कोंडलेला फोन टॉवरला शोधण्यासाठी अधिक जोराने हाका मारत असणार. पण हे सांगायला मी गावात नव्हते, सुट्टीसाठी घरी गेले होते, आणि परतले तेव्हा पाऊस लागून राहिला होता.

चाचांच्या हातात काम नव्हते. डोक्यावरची टोपी तिरपी झाली होती. "जवाई फोन करून नाई राह्यला, बाई. तिकडं नदी चढली म्हंतेत. पोरीचं काऊन काई कळवत नाई?"

"फोन कुठे आहे, चाचा?"

त्यांनी डब्याकडे बोट दाखवले. मी माझ्या मोबाइलवरून त्यांचा नंबर लावला आणि फोन पुढे केला. त्यांनी नरसाळे लावून ऐकले. ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे, असे पलीकडची बाई सांगत होती.

"बाहेर?" चाचा म्हणाले. "मी त इथीच बसून आहो."

"तुम्ही इथे आहात. पण तुमच्या डब्यातून मुंगी आत जात नाही, तशीच हाकही जात नाही."

त्यांनी डब्याकडे पाहिले. आपली कारागिरी इतकी निर्दोष निघाल्याचे दुःख मी त्याआधी कोणत्याही चेहऱ्यावर पाहिले नव्हते. "अवो, सांडशी कुठी आहे?" असे आत चाचीला विचारत त्यांनी सांडशीची वाट न पाहता झाकण नखांनी उपसून काढले. पाऊण तास आम्ही तिघे त्या फोनकडे बघत बसलो. मग तो वाजला. जावई ओरडून सांगत होता, "कालपासून लावून राह्यलो, अब्बा. पूल बुडायच्या आत निघालो. आलापल्लीले जीप पाठवा."

जीप घेऊन चाचा स्वतः गेले, चाचीही सोबत. तिथून नसीमला थेट चंद्रपूरच्या दवाखान्यात नेले आणि पुरुषमाणसाचे इथे काम नाही, असे म्हणून चाचीने त्यांना घरी पाठवून दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला तेव्हा मी दुकानातच होते. चाचांनी सवयीने नरसाळे लावले, क्षणभर ऐकले आणि ते बाजूला ठेवले. मग फोन सरळ कानाला लावला, तळव्याने दाबून धरला. नात झाली होती आणि चाचीने फोन तिच्या तोंडाशी नेला होता. फोन कधीच कटला होता, तरी चाचांचा कान त्याला तसाच चिकटलेला होता. लाल झालेल्या त्या कानावर त्या दिवशी पाणी ओतले गेले नाही.

आता मी दूरच्या एका प्रयोगशाळेत असते. कधीमधी पोंभुर्ण्याला फोन लावते, तेव्हा चाचांचा आवाज हातभर अंतरावरून ओरडत येतो. नरसाळे अजून आहे, हे कळते आणि बरे वाटते. नातीशी बोलतानाही लावता का, असे मी एकदा विचारले.

"नाई बाई," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हळू बोलले. "तिचा आवाज बारीक आहे न. दुरून ऐकू नाई येत."