सीटखालचा डबा

मुनव्वर मिस्त्रींचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. हौस म्हणून नव्हे. ट्रकच्या मागच्या चाकांच्या मध्ये जो लोखंडी गोळा असतो, डिफरन्शियल, त्याचं तेल गाडी गरम असतानाच काढावं लागतं. गार झालं की ते काकवीसारखं घट्ट होतं. निम्मं आत चिकटून राहतं आणि गाळ तर राहतोच. रात्रभर पळून आलेल्या गाड्या पाच-साडेपाचला पुण्यात शिरत. त्या गार व्हायच्या आत मिस्त्रींना त्यांच्या खाली असायचं असे. म्हणून घोरपडे पेठेतल्या घरातून पायी निघून ते पाचच्या ठोक्याला स्वारगेटमागच्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये हजर असत.

मी लोणी काळभोरचा. आमच्याच गावच्या आप्पासाहेबांच्या ट्रकवर एकोणीस वर्षं ड्रायव्हर होतो. त्यांचा ट्रक एकच, त्यामुळे तो बंद पडला की मालकही घरी आणि मीही घरी. गाडी कोणाकडे न्यायची हे मात्र त्यांनी माझ्यावर सोडलं होतं.

मिस्त्रींना मीच निवडलं होतं. त्या भागात तेव्हा सात-आठ गॅरेजं असतील. मी एक रविवार नुसता फिरलो. कोणाचा बोर्ड मोठा आहे ते पाहिलं नाही. जमीन पाहिली. बहुतेक ठिकाणी माती तेल पिऊन काळी झालेली होती. काढलेलं तेल सांडतो तो माणूस भरलेलंही सांडणार. मिस्त्रींच्या शेडमधली माती मातीच्या रंगाची होती. काढलेलं तेल ते परातीत धरत. धार तुटून थेंब पडायला लागले तरी उठत नसत. थेंबही संपले की जुन्या लाउडस्पीकरमधला चुंबक परातीत फिरवून ड्रायव्हरला दाखवत. पिठासारखी भुकटी लागली तर ती रोजची झीज. नखाएवढा तुकडा लागला तर गाडी जागची हलवायची नाही.

पहिल्या वेळी आप्पासाहेब बरोबर आले होते.

"मच्छिंद्र, इथं बसायला खुर्ची बी नाय."

"गाडीला खुर्ची लागत नाही, आप्पासाहेब."

मिस्त्री गाडीखालूनच म्हणाले, "मालक, बसायचं असेल तर पलीकडे जा. तिथे खुर्ची आहे, रेडिओ आहे. तेल मात्र ते जुन्यावरच ओततात."

आप्पासाहेब हसले आणि उभेच राहिले.

मिस्त्रींची एक पद्धत होती. डिफरन्शियलला मागच्या बाजूला, निम्म्या उंचीवर, एक भोक असतं. त्यातूनच हातपंपाने तेल भरायचं आणि तेल भोकाच्या काठाला आलं की बूच लावायचं. बूच लावायच्या आधी मिस्त्री ड्रायव्हरला खाली बोलवत. गोणपाटावर आडवं व्हायचं आणि भोकात आपलं बोट घालायचं. बोट तेलाने भरलं तरच बूच. कोणी म्हणालं की मिस्त्री, तुम्ही पाहिलंय ना, बस झालं, तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "गाडी तुझी, बोट तुझं."

ड्रायव्हर लोक याची टिंगल करत. मीही करायचो. पण बोट घालायचो.

शेडच्या मधोमध जमिनीवर चुन्याच्या फक्कीने एक लांबट चौकोन आखलेला असे, अडीच-तीन फूट रुंद आणि ट्रकच्या लांबीचा. पुसट झाला की मिस्त्री पुन्हा आखत. मी एकदा विचारलं.

"खड्डा आहे तो," ते म्हणाले.

"कुठाय?"

"अजून वर आहे. खाली जायचाय."

त्यांना तिथे पक्क्या बांधकामाचा खड्डा करायचा होता. खड्डा असला की मिस्त्री खाली उभा राहतो आणि गाडी त्याच्या डोक्यावर येते. नसला की आयुष्यभर पाठीवर पडून, हात वर करून, डोळ्यांत माती घेत काम करायचं. तेव्हा मिस्त्री पंचेचाळिशीचे होते. सव्वीस वर्षं पाठीवर काम केलेलं. गाडीखालून बाहेर आले की काही वेळ त्यांना सरळ होता येत नसे. जागेच्या मालकाने खड्ड्याला परवानगी दिली होती. मजुरीतून नऊ वर्षं ते त्यासाठी मागे टाकत होते. बिलकिसभाभी, म्हणजे त्यांची बायको, घरी ते सांभाळत. त्या दिवाळीनंतर गवंडी येणार हे ठरलं होतं. हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

साल एकोणऐंशी. गणपती होऊन गेले होते. सोलापूरहून रात्रीचा आलो आणि पहाटे गाडी मिस्त्रींकडे लावली. नव्वद नंबरच्या तेलाचे पाच-पाच लिटरचे दोन डबे आप्पासाहेबांनी घेऊन दिले होते. त्याच दिवशी हडपसरला माझ्या धाकट्या बहिणीचा, हेमाचा, साखरपुडा होता. कपडे पिशवीत होते. मिस्त्री खाली काम करत असताना मी नळावर आंघोळ केली आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभा राहिलो.

पहिला डबा आत गेला. दुसऱ्याचं झाकण नुकतंच उघडलं होतं. तेवढ्यात पलीकडच्या गॅरेजात ओरडा झाला. जॅक सरकून एका फिटरचा पाय अडकला होता. मिस्त्री पंप तसाच ठेवून बाहेर आले.

"मच्छिंद्र, दुसरा डबा राहिलाय. काठापर्यंत येऊ दे. बोट घाल, मग बूच लाव."

"जा तुम्ही. मी करतो."

ते पळाले. मी गोणपाट पाहिलं, शर्ट पाहिला. काम पाच मिनिटांचं होतं. शर्ट काढून ठेवला असता तर सहा. मी शर्ट न चुरगाळता, उकिडवा बसून, हात लांब करून बूच तेवढं आवळलं. उघडा डबा झाकण लावून केबिनमध्ये ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवला आणि निघालो. मनात म्हटलं, संध्याकाळी भरू.

संध्याकाळी जेवण जड झालं होतं. दुसऱ्या दिवशी लोडिंग होतं. तिसऱ्या दिवशी वाटलं, निम्मं तेल आहे, गाडी काय तक्रार करतेय का? असे सतरा दिवस गेले. त्या सतरा दिवसांत मी रोज त्या डब्यावर बसून गाडी चालवली.

अठराव्या दिवशी साताऱ्याला सळया घेऊन निघालो. कात्रजचा जुना घाट चढायला लागलो तसा मागून आवाज आला, कुत्रं लांब रडावं तसा. आज मला त्याचं कारण सांगता येतं. चढाला गाडीचं तोंड वर होतं, तेल मागे सरकतं, आणि कमी असलं तर पुढच्या बेअरिंगपर्यंत पोचतच नाही. तेव्हा मी रेडिएटरला पाणी पाहिलं आणि पुढे दामटलं. बोगद्याच्या अलीकडे मागची चाकं धरली. खाली उतरून गोळ्याला थुंकी लावली तर ती चरचरली.

दुसऱ्या गाडीने ओढत ट्रक मिस्त्रींच्या शेडमध्ये आणला. सरळ त्या चुन्याच्या चौकोनावर उभा केला. आप्पासाहेब लोणीहून आले. मिस्त्रींनी खालचं बूच उघडलं. निम्मी परातही भरली नाही. जे आलं ते काळं होतं आणि त्यात चांदीसारखा चुरा चमकत होता. चुंबकाला आतल्या दातेरी चाकांच्या दातांचे तुकडे लागले.

"तेल कमी," आप्पासाहेब म्हणाले. "दोन डबे दिले होते मी. मिस्त्री, गेलं कुठं?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. "बोट घातलं होतंस?"

मी म्हणालो, "घातलं होतं. तेल लागलं बोटाला."

एवढंच. ही दोन वाक्यं मी लगेच, न अडखळता बोललो. इतकी सफाई मला गाडीच्या कामात कधी जमली नाही.

"मग बूच ढिलं राहिलं तुमचं," आप्पासाहेब मिस्त्रींना म्हणाले. "नायतर गळलं कुठनं?"

मागचा भाग खोलायला टॉमी, म्हणजे लांब लोखंडी दांडा, हवी म्हणून मिस्त्री केबिनकडे गेले. गाडीची टॉमी सीटखाली असते. मी दारापाशीच उभा होतो. त्यांनी हात आत घातला आणि हात थांबला. डबा त्यांनी थोडा उचलला, वजन घेतलं, तिथेच ठेवला. मग टॉमी काढली आणि परत गाडीखाली गेले.

मी तिथेच उभा राहिलो. आप्पासाहेब अंगणात फेऱ्या मारत होते. मिस्त्री खाली एकेक बोल्ट सोडवत होते, घाई न करता. दुपार झाली. मिस्त्रींनी जेवण आणलेलं नव्हतं. माझ्यातली भाकरी खा, एवढंही मला म्हणवलं नाही. सहाच्या सुमाराला ते बाहेर आले, हात पुसले आणि आप्पासाहेबांना म्हणाले, "दात गेलेत, क्राउन-पिनियनचा अख्खा जोड गेलाय. बेअरिंगंही गेली. नवा जोड मी आणतो. मजुरी नको."

"आणायलाच पायजे," आप्पासाहेब म्हणाले.

चार दिवसांनी गाडी तयार झाली. त्या वेळीही मिस्त्रींनी मला खाली बोलावलं. मी गोणपाटावर पडलो, बोट घातलं, तेल लागलं. ते माझ्या बोटाकडे बघत राहिले आणि मग बूच लावलं.

पुढे आप्पासाहेबांनी गाडी तिथे नेऊ दिली नाही. गुलटेकडीला गाडीमालक एकत्र बसत, तिथे ते सांगत, त्या मिस्त्रीकडं जाऊ नका, तेल कमी घालतो. लोणीच्या आणखी दोन गाड्या मिस्त्रींकडे जायच्या बंद झाल्या. मी त्या गप्पांत कधी बसलेला असे, कधी उभा. मान हलवली नाही. पण तोंडही उघडलं नाही. आम्ही खुर्ची आणि रेडिओवाल्याकडे जाऊ लागलो. तिथलं काम पाहून दुसऱ्याच खेपेपासून डिफरन्शियलचं तेल मी घरी स्वतः बदलू लागलो, गाडी गरम असताना, पाठीवर पडून. दगडावर पाठ टेकली की मिस्त्रींच्या शेडमधला चौकोन डोळ्यांपुढे यायचा.

दिवाळीनंतर एकदा मुद्दाम त्या रस्त्याने गेलो. गवंडी आलेला नव्हता. चुन्याची रेघ टायरखाली पुसून गेली होती आणि कोणी ती पुन्हा आखली नव्हती.

मी निवृत्त झाल्यावर, त्या साखरपुड्याच्या दिवसानंतर तेवीस वर्षांनी, मिस्त्रींकडे गेलो. शेड गेली होती. ते कात्रजला मुलीकडे, नूरबानूकडे, राहत होते. खुर्चीत बसलेले होते, पण कमरेतून इतके वाकलेले की माझं तोंड बघायला त्यांना मान तिरकी करावी लागली. शेवटपर्यंत त्यांनी काम पाठीवरच केलं होतं. मी ओळख दिली आणि सगळं सांगितलं. शर्टापासून सांगितलं.

"डबा भरलेला होता," ते म्हणाले. "झाकण उघडून लावलेलं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. सहापर्यंत थांबलो की. बोल्ट काय, दोन तासांत सुटतात."

मला वर बघता येईना. "पण मिस्त्री, पैसे तुम्ही का भरलेत?"

"काम अर्धं टाकून उठलो ना मी. पाय अडकलेल्या माणसाकडे गेलो, ते बरोबर. पण परत येऊन गाडी कुठे गेली ते विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी लोणीला निरोप पाठवता आला असता. तेवढं माझं होतं." त्यांनी मान आणखी तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. "खोटं बोललास ते तुझं. ते इथे ठेवून जाऊ नकोस."

आतून बिलकिसभाभींनी विचारलं, "पाहुणे चहा घेणार का?"

"घेतील," मिस्त्री म्हणाले. "भाभीला सांग जपून द्यायला, मच्छिंद्र. पांढरा शर्ट आहे."

त्या दिवशीही माझ्या अंगावर पांढराच शर्ट होता. मी चहा घेतला. पैशाचं पाकीट बरोबर नेलं होतं, ते खिशातून काढायचं धाडस झालं नाही, आणि काढलं असतं तरी त्यांनी हात लावला नसता.

नऊ वर्षांच्या मजुरीतून मुनव्वर मिस्त्रींना खड्डा मिळायचा होता. त्यातून आप्पासाहेबांच्या गाडीला क्राउन-पिनियनचा एक जोड आला. त्या जोडावर मी आणखी अकरा वर्षं गाडी चालवली. घाटात, चढाला, भरल्या मालाने. त्याने एकदाही आवाज केला नाही.