ब्रशचं टोक

खेळातले बोटाएवढे पुतळे, राक्षस, बुटके, चेटकिणी, रंगवायचा ह्यांना नाद होता. रविवारी मित्र जमले की टेबलावर त्यांच्या लढाया चालायच्या. बारीक काम आलं की हे ब्रश ओठांत धरून टोक काढायचे आणि काम झालं की तसाच ठेवून द्यायचे. "अहो, रंग पोटात जातो! निदान धुऊन तरी ठेवा," मी करवादायची.

हे जाऊन तीन महिने झाले. काल त्यांचे मित्र सुहासभाऊजी आले. टेबलावर एक म्हातारा जादूगार होता, सगळा रंगलेला, फक्त डोळे राहिलेले.

"वहिनी, एवढा मी पुरा करतो."

त्यांनी ह्यांचा ब्रश उचलला. तो वाळून ताठ झाला होता, पण टोक होतं तसंच, सुईसारखं. माणूस अख्खा जातो आणि त्याच्या ओठांचा आकार एवढ्याशा केसांत राहून जातो. भाऊजींनी सवयीनं तो तोंडाकडे नेला.

"तो नको, भाऊजी."

त्यांनी दुसरा घेतला. जादूगाराला डोळे मिळाले.

इतकी वर्षं मी बजावत होते, ब्रश धुऊन ठेवत जा. एकदाही ऐकलं नाहीत. बरं झालं.