जनाच्या लाल होडीचा फोटो

नेनेकाकांचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीच्या माझ्या डीटीपीच्या दुकानात एका लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासत होते. "सुनंदा, आपला जना गेला गं. सकाळी, कामावरच. हार्ट अटॅक." मी फोन ठेवला. प्रूफमधली एक चूक दुरुस्त केली. आणि मनात पहिला विचार आला तो हा, की आता तो होडीचा फोटो मागायला येणार नाही. सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज अजून गेलेली नाही.

बाराव्याला खाडीकाठी त्याच्या घरी सगळे त्याचे किस्से सांगत होते. किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. तीन माणसं रोज संध्याकाळी एकाच टेबलाशी चहा प्यायली, की ते आपोआप साठतात. आमचं टेबल म्हणजे माझा कॉम्प्युटर आणि शेजारचा स्कॅनर. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्हा तिघांना एकच वेड लागलं होतं: निसर्गाचे रंगीत फोटो स्कॅन करायचे आणि ब्लॅक अँड व्हाइट करायचे.

*

नेनेकाकांनी तीस वर्षं डार्करूममध्ये काढलेली. मी पहिल्यांदा माऊस दाबला आणि हिरवा डोंगर क्षणात करडा झाला, तेव्हा त्यांनी लगेच प्रिंट काढायला लावली. प्रिंट हातात घेतली, नाकाशी नेली.

"केमिकलचा वास नाही. हा फोटो नव्हेच!"

दुसऱ्या दिवशी स्वतःचे चाळीस फोटो पिशवीत घालून हजर!

*

जना कोळ्यांचा. नोकरी फिटरची, पण रविवारी गळ्यात कॅमेरा. एकदा त्याने आंबिवलीच्या भातखाचरांचा फोटो आणला, पावसाळ्यातला, हिरवागार. मी रंग काढले. तो स्क्रीनकडे बघत राहिला.

"ताई, ताजी मासळी आणलेली. तुम्ही सुकट केलीत!"

आम्ही पोट धरून हसलो. तो हसला नव्हता, हे मला आत्ता आठवतंय.

*

ठाण्याच्या एका स्पर्धेत त्याचा खाडीवरचा सूर्यास्त आम्ही ब्लॅक अँड व्हाइट करून पाठवला. परीक्षक खूश. "काय चांदणं पकडलंय!" बक्षीस जवळजवळ हातात. एवढ्यात मागच्या रांगेतून जना उभा राहिला.

"साहेब, तो सूर्य आहे. संध्याकाळचा."

बक्षीस गेलं! परतताना नेनेकाका चिडले, "गप्प बसला असतास तर खाडी आटली असती का रे?"

"पण काका, सूर्याला चंद्र कसा म्हणू?"

पुढे महिनाभर तो दुपारचा दुकानात आला, की मी घाम पुसत म्हणायचे, "काय जना, आज चांदणं फार कडक पडलंय!"

*

रंगीत फाइल तिप्पट जागा खायची आणि माझी डिस्क पत्रिकांनी भरलेली. नेनेकाकांनी नियमच केला: "रंग काढला की रंगीत ठेवायचा नाही. लग्न झाल्यावर स्थळांच्या पत्रिका जपून ठेवतं का कोणी?" मला पटलं. रंग काढायचा आणि त्याच नावाने सेव्ह करायचं, की जुनी रंगीत फाइल पुसली जायची.

*

जनाच्या वडिलांची लाल होडी होती. खाडीत मासळी मिळेना, तेव्हा त्यांनी ती मोडीत काढली. तिचा एकच फोटो उरला होता, तिवरांच्या हिरव्या झाडीला टेकलेली होडी. निगेटिव्ह घरात पाणी शिरलं तेव्हा गेलेली. फोटो ओलीने फ्रेमच्या काचेला चिकटलेला, म्हणून काचेसकट स्कॅन केला. मग काच सोडवायला गेलो, तर फोटोचे तुकडे झाले.

"राहू दे ताई, कॉम्प्युटरात आहे ना," जना म्हणाला.

होता. पुढच्या प्रदर्शनासाठी त्याला न विचारता मी रंग काढला आणि सवयीने सेव्ह केलं. तो लाल आणि तो हिरवा, दोन्हींचा करडा अगदी एकच झाला. झाडीत होडी दिसेना. चूक लक्षात आली, तेव्हा मागे फिरता येत नव्हतं. मग मी फोटोला नाव दिलं, 'निर्जन खाडी'. पहिलं बक्षीस!

जना वडिलांना घेऊन प्रदर्शनाला आला. फोटो जवळ जाऊन पाहिला आणि हळूच म्हणाला, "बाबा, यात आपली होडी नाय आली."

म्हातारे पुढे झाले. करड्या झाडीवरून बोट फिरवत एका जागी थांबले.

"नाय कशी? ही काय आपली होरी!"

बोट बरोबर तिथेच होतं.

जनाने माझ्याकडे वळून विचारलं, "रंगीत आहे ना ताई तुमच्याकडे? बाबांना एक प्रिंट द्याल?"

"आहे तर! रविवारी देते काढून."

त्यानंतर तो पुष्कळ रविवार आला. रंगीत फाइल राहिलेली नाही, हे मी त्याला सांगितलं नाही.