बोंबलांची राखण

बाजारात सुक्या बोंबलांचा वास आला की माझा हात आपोआप काठी शोधू लागतो. खाडीकाठच्या त्या शाळेत मी नवीनच होते आणि चौथीच्या मुलांना अपूर्णांक काही केल्या समजत नव्हते. शिक्षकांसाठीचे मोफत व्हिडिओ मोबाइलवर मिळायचे, पण रेंज यायची ती फक्त बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांपाशी. तिथली कोळीण माझ्याच वर्गातल्या एका मुलीची आई. माझ्या हातात एक काठी देत म्हणाली, "बसा की बाई, पन कावळे हाकला." एका दुपारी व्हिडिओतल्या बाई कागदाला घड्या घालून अर्धा आणि पाव दाखवत होत्या. मी त्यात इतकी रमले, की कावळ्यांनी बोंबलांची एक ओळ जवळजवळ रिकामी केली. ती ओरडतच धावत आली, "बाई, ध्यान कुठं हाय तुमचं?" मी ओशाळून मोबाइल पुढे केला. म्हटलं, "उद्या तुमच्या लेकीला हे शिकवायचंय." तिनं ओले हात लुगड्याला पुसले, व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला आणि माझ्या हातातली काठी काढून घेतली. "परत लावा. कावळे मी बघते." आता शाळेत वाय-फाय आहे, डोक्यावर पंखा आहे, व्हिडिओ मध्येच अडकत नाही, पण मी शिकत असताना कावळे हाकणारं कुणी नाही.