मंदाने राखून ठेवलेले रोल

आमच्या मंदासारखी हट्टी बाई अख्ख्या गिरीज गावात सापडायची नाही. नवरा म्हणून मी लग्नापासून सोसतोय, आणि मला त्याचा अभिमानही आहे.

गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. बोलणं परतलं, पाय परतला, उजवा हात मात्र मांडीवर तसाच पडून. डॉक्टर म्हणाले, वापराल तर येईल, नाहीतर गेला. पण ही सगळं डाव्यानेच उरकायची. व्यायामाचा चेंडू तिने घरामागच्या केळीत भिरकावला, तोही डाव्यानेच. "मी काय कुत्रं आहे, चेंडू खेळायला?"

मग नात ओवीने तिला भुतांचा व्हिडिओ गेम आणून दिला. म्हणे, खेळता खेळता बोटं चालतील. मी कपाळावर हात मारला! ओसाड इस्पितळात एक मुलगी अडकलेली. बंदूक नाही, नुसता जुना कॅमेरा. फोटो काढला की भुताला मार बसतो, रोल संपले की खेळ खल्लास. म्हणजे रोल हीच काडतुसं. साधे रोल कपाटांत सापडतात, जालीम रोल मोजकेच. आणि भूत जितकं जवळ येऊ द्याल, तितका मार जोरात.

मंदा अशी रंगली की विचारू नका. पण साधेच रोल वापरायची. शेवटचं भूत, म्हणजे एक नर्स, हिचा रोज गळा दाबायची, आणि मरताना बाईसाहेबांच्या पिशवीत जालीम रोल तसेच!

"आजी, वापर ना यार!" ओवी किंचाळायची.

"असू दे. लागतील."

पोरीला काय कळणार! आम्ही केळीच्या वाडीवाले. चांगला घड बाजारात, डागी केळी घरात. जन्मभर डागी केळी खाल्लेली बाई चांगला रोल कशी वापरेल?

त्यात फोटोचं बटण उजवीकडे. कंट्रोलर मांडीवर ठेवून ही डाव्यानेच त्या मुलीला चालवायची, आणि तोच हात पलीकडे नेऊन बटण दाबायची. तेवढ्यात नर्स हजर. एके दिवशी माझंच डोकं फिरलं.

"कुणासाठी राखतेयस गं ते रोल? आणि तो हात? तोही राखूनच ठेवलायस का?"

बोललो आणि जीभ चावली. मंदाने कंट्रोलर बाजूला टाकला आणि ती उठून आत गेली. संध्याकाळी टीव्हीसमोर बसली, डाव्या हाताने उजवा उचलून कंट्रोलरवर ठेवला आणि म्हणाली, "लावा."

खेळ सुरू झाला तसा तिने जालीम रोल चढवला. नर्स आली. लांबून फोटो काढला तर रोल वाया, म्हणून मंदा थांबली. नर्स जवळ आली, अजून जवळ आली. उजवा अंगठा नुसता थरथरत होता, बटण काही दबेना. मला राहवेना, मी हात पुढे केला.

"खबरदार हात लावाल तर!"

नर्सचं तोंड टीव्हीभर झालं. ओवीने डोळे गच्च मिटले. आणि अंगठा दबला. खटॅक! नर्स मागे फेकली गेली. मग दुसरा रोल, मग तिसरा. मंदाने एकही शिल्लक ठेवला नाही. नर्स विरून गेली.

ओवी नाचायला लागली. मी मात्र ढसाढसा रडलो, खोटं कशाला सांगू!

"काय हो हे, लहान पोरासारखं," म्हणत मंदाने तोच हात उचलला. माझ्या तोंडापर्यंत पोचायला त्याला फार वेळ लागला. मी पुढे वाकलो नाही, वाकलो असतो तर ओरडली असती. अर्धं पाणी तिने नाकाला फासलं, अर्धं मिशीला. पण माझे डोळे तिने पुसले.